जुनी बाईक पेट्रोल पिते? कार्बोरेटरला हात लावण्याआधी हे तपासा

तीन वर्षांपूर्वी मी २०१३ सालची, १०० सीसीची कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बाईक घेतली. आधीच्या मालकाने साठचं ॲव्हरेज सांगितलं होतं. माझं रोजचं येणं-जाणं नाशिकरोड ते सिन्नरची माळेगाव एमआयडीसी, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. पहिल्याच महिन्यात कळलं की गाडी बेचाळीस देतेय. हजार किलोमीटरला साठच्या हिशेबाने सतरा लिटर लागायला हवं होतं, लागत होतं चोवीस. लिटरला शंभर रुपये धरले तरी दर महिन्याला सातशे रुपये धुरात.

गॅरेजात नेली. फिटरने काहीही न विचारता कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, रेस देऊन कान लावला आणि म्हणाला, "झालं." दुसऱ्या दिवशी मोहदरी घाटात गाडी दोनदा बंद पडली. मग मी वही घेतली आणि दोन महिने स्वतः एकेक गोष्ट तपासली. त्यातून जो क्रम हाताला लागला, तो इथे देतोय. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, सीटी १००, स्टार सिटी अशा कार्बोरेटरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांचं शेवटी बघू.

दोन नियम मात्र आधीच मनात पक्के करा. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग ॲव्हरेज मोजायचं. हवा भरली, प्लग बदलला, ट्यूनिंग केलं, सगळं एकाच रविवारी, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. आणि पेट्रोलचं काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, आसपास विडी-सिगारेट किंवा देवघराचा दिवा नसताना करायचं.

आधी खरं ॲव्हरेज काढा

"दोनशेचं टाकलं, तीन दिवस चाललं" हे ॲव्हरेज नव्हे. टाकी फुल करून मोजायची पद्धत सगळ्यांना माहीत असते: फुल करा, मीटरचा आकडा लिहा, दीड-दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर तितकीच फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. माझा पहिला आकडा असा होता: १८६ किलोमीटर, ४.४३ लिटर, म्हणजे ४२. दोन्ही वेळा गाडी मेन स्टँडवर हवी. साइड स्टँडवर ती कलते आणि पाव-अर्धा लिटर इकडचा तिकडे होतो. तोंडापर्यंत ओतू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. गळ्याखालची एखादी खूण ठरवा आणि दोन्ही वेळा तिथवरच भरा.

टाकी फुल करण्याइतके पैसे हातात नसतील तर रिझर्व्हची पद्धत वापरा. मला ती जास्त आवडते. गाडी अडखळली आणि कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हला घेतला, त्याच क्षणी मीटरचा आकडा लिहा. पंपावर जाऊन मोजून दोन लिटर टाका. रुपयांत नाही, लिटरमध्ये सांगा. कॉक आठवणीने परत 'ऑन'ला आणा. पुन्हा रिझर्व्ह लागेल तेव्हाचा आकडा लिहा. मधल्या अंतरात बरोबर दोन लिटर जळलेलं असतं, पंपापर्यंतचं अंतरही त्यातच मोजलं जातं. एवढं पाहा की दोन्ही वेळा रिझर्व्ह सपाट रस्त्यावर लागलेलं असावं. चढ-उतारावर टाकीतलं पेट्रोल सरकतं आणि रिझर्व्ह लागण्याची वेळ बदलते, म्हणून घाटातला आकडा मी धरत नाही.

काही गॅरेजांत कार्बोरेटरला बाटली लावून शंभर मिलीवर गाडी पळवतात. दोन सेटिंगची तुलना करायला फिटरने ती पद्धत वापरली तर ठीक, पण घरी करू नका. गरम इंजिनशेजारी उघडं पेट्रोल लटकवण्याची जोखीम घेण्याइतका तो आकडा मोलाचा नाही.

मीटर खरं सांगतो का?

जुन्या गाडीत हा प्रश्न पहिला विचारायला हवा आणि नेमका तोच राहून जातो. या गाड्यांचा मीटर बहुधा पुढच्या चाकातल्या गिअरवरून केबलने फिरतो. तो गिअर झिजला किंवा केबल अधूनमधून सुटू लागली तर काटा थरथरतो आणि किलोमीटर कमी पडतात. गाडी पन्नास देत असते, मीटर बेचाळीस दाखवतो, आणि आपण इंजिन खोलत बसतो. हायवेवरचे किलोमीटरचे दगड बघून दहा-वीस किलोमीटर चालवा किंवा फोनमधल्या नकाशावर अंतर मोजा. मीटर दोन-तीन टक्क्यांनी चुकला तर हरकत नाही, त्याहून जास्त फरक असेल तर आधी तो गिअर आणि केबल बघा.

पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतंय का?

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, कॉक ऑन ठेवा. पेट्रोल उडून जातं म्हणून सकाळी ओल दिसेलच असं नाही, पण डाग आणि वास राहतो. कार्बोरेटरखालच्या ओव्हरफ्लोच्या नळीला बोट लावून वास घ्या. दुसऱ्या रात्री कॉक बंद ठेवून तेच करा. कॉक बंद असताना वास नाही आणि ऑन असताना आहे, तर फ्लोटची पिन (कार्बोरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी) नीट बसत नाही असं समजा. ही छोटी गोष्ट नाही. तेच पेट्रोल आत इंजिनातही उतरू शकतं आणि ऑइल पातळ करतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

टाकीचं झाकणही तपासा. जुन्या गाडीचं लॉक इतकं झिजलेलं असतं की कुठल्याही चावीने उघडतं. वर्कशॉपच्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी राहणारी गाडी अचानक पेट्रोल 'खायला' लागली, तर इंजिनावर संशय घेण्याआधी लॉक बदलून बघा. आणि पंपावर मापाची शंका आली तर पाच लिटरच्या मापात मोजून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. भांडण न करता सांगा, माप पंपावर असतंच.

चाकं मोकळी आहेत का?

इथे एक रुपयाही जवळपास लागत नाही, आणि माझ्या गाडीचे पाच किलोमीटर इथेच मिळाले.

हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना भरा. या गाड्यांना एकट्यासाठी साधारण पुढे २५, मागे २८ पीएसआय लागते, डबलसीटला मागे बरीच जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळेल. पंक्चरवाल्याला आकडा सांगून भरून घ्या, टायर दाबून बघत 'ठीक आहे' म्हणण्यावर सोडू नका.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. नंतर पुढचं उचलून तेही फिरवा. पुढचं चाक आरामात अनेक फेरे घ्यायला हवं. मागच्याला चेनचा थोडा अडसर असतोच, पण घासण्याचा सलग आवाज येता कामा नये. दुसरी तपासणी रस्त्यावरची: पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात न्या. आधी हात जवळ धरून धग बघा, एकदम टेकवू नका. ड्रम तापलेला असेल तर ब्रेकचा लायनर घासतोय.

माझा मागचा ब्रेक का घासत होता ते सांगतो, कारण हे पुष्कळ गाड्यांत होतं. चेन ताणायची तर मागचं चाक मागे सरकवतात. चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक घट्ट होतो. चेन ताणणाऱ्याने रॉडचा नट त्या मानाने सैल करायला हवा, तो करत नाही. आपल्याला वाटतं ब्रेक छान लागतोय. प्रत्यक्षात गाडी दिवसभर ब्रेक दाबूनच चाललेली असते. नट फिरवून पेडलला साधारण इंचभर मोकळी हालचाल द्या आणि चाक पुन्हा फिरवून बघा. चालवताना पाय पेडलवर विसावत असेल तर तीही सवय सोडा. मागून येणाऱ्या मित्राला विचारा, ब्रेक लाइट सतत पेटलेला दिसतो का.

चेन खालच्या बाजूला मधोमध वर-खाली इंचभर हलली पाहिजे. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे ढिली असेल तर चेन-सॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) झिजलंय. चेनला स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. गॅरेजातलं जळकं ऑइल लावू नका, त्यात धातूचा कीस असतो. आणि सॉकेटचे दात मोजून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती वाहिलेल्या गाडीला ओढीसाठी मागे मोठं सॉकेट बसवलेलं असू शकतं. अशी गाडी रिकामी पळतानाही इंजिन जास्त फिरवते.

हवा आणि ब्रेक एवढ्यावर माझा आकडा ४२ वरून ४७ वर आला.

फिल्टर, चोक, प्लग

एअर फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा कमी आणि त्या मानाने पेट्रोल जास्त मिळतं. फिल्टर कोणत्या जातीचा ते आधी बघा. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, दाबून पिळा (मुरगाळू नका), वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून जादाचं पिळून काढा आणि बसवा. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा, पाणी लावायचं नाही. तेलकट कागदाचा असेल तर साफ करायचाच नाही, सरळ बदला. फिल्टर काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हायवेची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि शेकड्यांच्या बचतीपायी हजारोंचं बोअर-पिस्टन निघतं.

चोकची (थंड गाडी सुरू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी) दांडी गाडी सुरू झाल्यावर पूर्ण परत गेली का ते डोळ्यांनी बघा. जुन्या गाडीत ती अर्ध्यातच अडकते. केबलने चालणारा चोक असेल तर केबल सुकलेली असते. अर्धवट ओढलेल्या चोकवर गाडी पळते, फक्त पेट्रोल भसाभस जातं.

प्लग काढायचा तर पाच-सहा किलोमीटर चालवून, मग इंजिन निवल्यावर. त्याचं टोक काय सांगतं ते शिकायला पाच मिनिटं लागतात. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर जळण बरोबर आहे. कोरडी, काजळीसारखी काळी पूड म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, आणि हेही वाईटच, कारण इंजिन तापतं. टोकाची गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा, मग पान्याने थोडा आवळा. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की खर्च मोठा. प्लग किती जुना ते माहीतच नसेल तर नवा टाका, शंभर-दीडशेचा प्रश्न आहे.

माझा प्लग कोरडा काळा होता. फिल्टर आणि प्लग बदलून ५० आलं. पण दोनशे किलोमीटरनंतर नवा प्लगही काळा पडला, तेव्हा कळलं की दोष कार्बोरेटरमध्ये आहे.

पीयूसीची चिठ्ठीही इथे कामी येते, ती फेकू नका. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा टक्का छापलेला असतो. सन २००० नंतरच्या आणि बीएस-४ च्या आधीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना ३.५ टक्क्यांची मर्यादा आहे. तुमच्या गाडीचे ३.१ आले तर ती 'पास' होते, पण तेवढं कार्बन मोनॉक्साइड म्हणजे आयडलिंगला पेट्रोल जास्तच जातंय. पास-नापास सोडून आकडा वाचा.

आता कार्बोरेटर

हे काम पहिल्यांदा फिटरकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा आणि चार गोष्टी बघायला मागा.

पहिली, निडलची क्लिप. कार्बोरेटरमधल्या सुईला चार-पाच खाचा असतात आणि त्यातल्या एकीत क्लिप असते. क्लिप खालच्या खाचेत टाकली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. गाडीला पिकअप नसेल, मिसिंग मारत असेल, तर मूळ कारण शोधण्याऐवजी सुई उचलून देणं हा झटपट उपाय असतो. गिऱ्हाईक खूश होतं, आणि विकायच्या गाडीला चालवून बघणाराही खूश होतो. माझ्या गाडीची क्लिप अगदी तळाच्या खाचेत होती. मधली खाच ही साधारण मूळ जागा, तरी आपल्या मॉडेलची खात्री करून घ्या.

दुसरी, जेटवरचा (पेट्रोल ज्याच्या बारीक भोकातून जातं तो भाग) नंबर. मेन जेटवर बारीक आकडा कोरलेला असतो. तो कंपनीच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, किंवा कोणी तार घालून भोक साफ करताना मोठं केलं असेल, तर कितीही ट्यूनिंग केलं तरी ॲव्हरेज येणार नाही. जेट हवेने आणि क्लीनरने साफ करायचे, तारेने नाही.

तिसरी, फ्लोटची पिन आणि उंची. पिनच्या रबरी टोकावर रिंगणासारखी खाच पडली असेल तर ती बदला.

स्क्रूची पाळी यानंतर, चौथी. फिरवण्याआधी तो हलकेच पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे जातो ते मोजून वहीत लिहा, म्हणजे बिघडलं तर परत येता येतं. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोलचं प्रमाण घटतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा आणि दिशा उलटी. इथेच पुष्कळ जण चुकतात. ट्यूनिंग इंजिन गरम असताना, पाव-पाव फेऱ्याने करायचं. आयडलिंग साधारण १४०० आरपीएमच्या आसपास हवं. हा स्क्रू मुख्यतः आयडलिंग आणि अगदी कमी रेसवर काम करतो. पन्नासच्या वेगाने सिन्नरला जाणाऱ्या गाडीचं पेट्रोल सुई आणि मेन जेट ठरवतात, म्हणून नुसता स्क्रू फिरवून मला काहीच मिळालं नव्हतं.

क्लिप मधे आली, पिन बदलली. पुढच्या खेपेला २०३ किलोमीटरला ३.५ लिटर लागलं, म्हणजे ५८.

इथेनॉलचं काय?

"सगळा दोष इथेनॉलचा" हे हल्ली रोज ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. साठ देणारी गाडी छप्पनवर येऊ शकते, बेचाळीसवर नाही. जुन्या गाडीला त्याहून जास्त त्रास रबराचा होतो: नळ्या, ओ-रिंग, फ्लोटच्या पिनचं टोक फुगतं किंवा कडक होतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं काढून टाका.

क्लच आणि टॅपेट

घाटात रेस वाढते पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असं होत असेल तर क्लच सुटतोय. आधी लिव्हरला एक-दोन सेंटिमीटर मोकळी हालचाल आहे का बघा, नुसती केबल ताठ असेल तर फुकटात काम होतं. ऑइल बाईकचंच हवं, डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं. कारच्या ऑइलने क्लच प्लेट घसरू शकतात.

टॅपेटबद्दल (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या सेटिंगबद्दल) एकच सांगतो: थोडी टकटक चालते. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट जास्त आवळले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि ॲव्हरेजही जातं. सेटिंग थंड इंजिनावर, फीलर गेज लावूनच करून घ्या.

इंजेक्शनची गाडी असेल तर

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. मीटर, हवा, ब्रेक, चेन, फिल्टर, प्लग हे सगळं त्यांनाही तसंच लागू. कार्बोरेटर नसल्यामुळे फिरवायला स्क्रू नाही. चावी लावल्यावर पेटणारा इंजिनाचा दिवा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो पेटलेला राहिला किंवा लुकलुकत असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर बिघडला तर गाडी नीट चालते, फक्त पेट्रोल जास्त घेते. कोड न वाचता अंदाजाने सेन्सर बदलायला सांगणाऱ्याला नाही म्हणा. वायरिंगमधला सैल जोडही तेच लक्षण दाखवतो.

इंजिन खोलायचं का?

सगळं करूनही आकडा हलला नाही तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. धुराचा रंगही बघा. थंड गाडी सुरू करताना क्षणभर निळसर धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील. रेस दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंग किंवा बोअर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, त्यासाठी इंजिन खोलायचं कारण नाही, कार्बोरेटरकडे परत जा.

'हाफ इंजिन (बोअर-पिस्टन-रिंगचं काम) करावं लागेल' असं फिटर म्हणाला की खर्च विचारा आणि वहीत भागाकार करा. पन्नासची गाडी साठ देऊ लागली तर हजार किलोमीटरला साधारण ३.३ लिटर वाचतं. खर्च सात हजार असेल आणि तुमची गाडी महिन्याला हजार किलोमीटर फिरत असेल, तर ते पैसे वसूल व्हायला एकवीस महिने लागतील. गाडी तितके दिवस ठेवणार नसाल तर नुसत्या ॲव्हरेजसाठी इंजिन खोलू नका. पण निळा धूर असेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल पट्टीच्या खालच्या खुणेखाली जात असेल, तर ॲव्हरेजचा हिशेब बाजूला ठेवा आणि काम लगेच करून घ्या. ऑइल संपलेलं इंजिन चालत्या गाडीत जाम होऊ शकतं आणि मागचं चाक लॉक होतं.